पंतांनी लिहिलेलं शेवटचं पान

पंतांनी मला फसवलं. माझ्या गोष्टीचं शेवटचं पान त्यांनी स्वतःच्या मनानं लिहिलं आणि ते माझं म्हणून लष्कर भागातल्या सगळ्या मराठी घरांतून फिरू दिलं. त्या पानापायी माझी थोरली बहीण ग्वाल्हेरातून उठली. माझा स्वभाव तापट आहे, मी म्हाताऱ्या माणसाशी भांडलो, गणपतीसमोर आवाज चढवला, असं लोक सांगतात. तेही सगळं खरं आहे. पण ते नंतरचं.

माझा धंदा खोक्यांचा. वडील दरबारच्या पलटणीत होते, मागे काही ठेवून गेले नाहीत. स्टेशनाजवळ पडाव भागात एका लाकडाच्या वखारीत मी फळ्या उचलत मोठा झालो आणि पुढे त्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. रियासत जाऊन मध्यभारत झालं तेव्हा सरकार सहा महिने ग्वाल्हेरात आणि सहा महिने इंदुरात बसू लागलं. वर्षातून दोनदा दफ्तरांचे गठ्ठे, कपाटं, साहेबांच्या बायकांची लोणच्याची बरणी न् बरणी रेल्वेनं जायची आणि यायची. आमच्यातली मोठी घरं दरबार गेला म्हणून हळहळत बसली होती. मी विचार केला, एवढं सामान जाणार कशात? पुढची आठ वर्षं ते माझ्या खोक्यांतून गेलं. दराच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही, आणि माझ्याकडचा कपही कधी फुटला नाही.

पंत म्हणजे दरबारच्या दफ्तरातून निवृत्त झालेले कारकून. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून आले ते देवळांसाठी पोथ्या उतरवून द्यायचे. पंतांच्या हातात तेच वळण उतरलं होतं. गणेशोत्सवात आमच्या मंडळाचा हस्तलिखित अंक निघायचा. छापील नाही, एकच प्रत, जाड कागदावर, रंगीत चित्रांसह. दहा दिवस तो मंडपात ठेवायचा, मग वर्षभर घराघरांतून फिरायचा. अंक म्हणजे पंत. कुणाचं घ्यायचं ते तेच ठरवायचे आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोरूनं तेच लिहायचे.

चार वर्षं मंडपाच्या फळ्या मी फुकट दिल्या होत्या. पाचव्या वर्षी श्रावणात पंतांकडे गेलो.

"यंदा अंकात माझी गोष्ट घ्यायची," मी म्हणालो.

"तुमची?" पंतांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दुकानाची जाहिरात देऊ की एक. वेलबुट्टी काढून देतो."

"जाहिरात नको. तीस पानं पाहिजेत."

"अहो, तीस पानांत मी सबंध दरबारचा इतिहास बसवला असता. आठ घ्या."

"मग फळ्या यंदा मुरारहून मागवा."

"गणपतीला धमकी देता?"

"गणपतीला नाही, तुम्हाला देतोय. अठ्ठावीस."

"दहा. आणि त्यात खून, बायका, दारू काही नको."

"खून नाही. बायका नाहीत. देव आहेत."

पंत थबकले. देव म्हटल्यावर त्यांना एकदम नाही म्हणता येईना. शेवटी बावीस पानांवर सौदा ठरला. त्यांनी वर एक अट घातली: मी लिहून द्यायचं नाही, तोंडी सांगायचं. "तुमचं अक्षर मी पाहिलंय," ते म्हणाले. "वाळवी लागलेली फळी बरी."

मी हसलो. चौथी शिकलेल्या माणसानं अक्षरावर भांडू नये.

मग रोज दुपारी पंत छत्री घेऊन दुकानात यायचे. एका पालथ्या खोक्यावर दौत ठेवायची, दुसऱ्यावर स्वतः बसायचं. दरबारच्या जुन्या सामानातला जाड कागद मोजकाच उरला होता, म्हणून कच्चं लिहायचं नाही, सरळ पक्कंच. तिथं मी चुकलो. सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय मी कधी रिकामं खोकंसुद्धा दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. आणि बावीस पानं तोंडानं देऊन टाकली. माझ्याकडे त्याचा एक कपटा नाही.

गोष्ट शंभर वर्षांनंतरच्या ग्वाल्हेरची होती. हजीऱ्याच्या गिरण्यांचा धूर इतका वाढलाय की दिवसाही दिवे लावावे लागतात आणि किल्ला कुठे आहे ते नव्या लोकांना बोट दाखवून सांगावं लागतं, तरी दिसत नाही. सरकारनं प्रांतांची जुळवाजुळव करून झाल्यावर देवांची काढली आहे. एवढे देव शहराला परवडत नाहीत. ज्यांची कामं सारखी त्यांचं एकत्रीकरण करायचं, उरतील ते जादा ठरवायचे. पडावावर एक मोठी शेड आहे. तिथं देव रांगेनं उभे असतात, गळ्यात पत्र्याचे बिल्ले घालून. कुणाच्या हातात गदा, कुणाच्या हातात परडी. एक कारकून विचारतो, काय काम करता, किती लोक येतात, गेल्या वर्षी नवस किती फेडले गेले. देवी सांगते, साथीच्या वेळी येतात. कारकून लिहितो, हंगामी.

या शेडमध्ये एक खोकेवाला असतो. जादा ठरलेल्या देवांना तो खोक्यात भरतो. माझा धंदा मला माहीत होता, त्यामुळे ते मी नीट सांगितलं: पेंढा कसा घालायचा, हात मोडू नये म्हणून कुठे आडवी पट्टी मारायची, वरची बाजू कुठली ते खुणेनं कसं दाखवायचं. झाकण ठोकताना आतला देव त्याला विचारतो, बाबा, कुठं नेतायत? खोकेवाला म्हणतो, मला फक्त माप सांगतात. देवळं तशीच ठेवलेली असतात. घंटा विजेवर वाजतात, आरती कर्ण्यातून येते, माणसं बाहेरच्या बाहेर हात जोडून कामावर जातात.

पंत लिहिता लिहिता थांबायचे. "खंडोबाला पण भरलं?"

"त्याला दोन खोकी लागली. घोड्याचं वेगळं."

"रडला नाही?"

"तो कशाला रडेल? त्यानं माप घेणाऱ्याला म्हटलं, उंची बरोबर लिही."

पंत हसले. मग बोरू दौतीत बुडवून बराच वेळ तसाच धरून बसले. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत होता. मध्यभारत मोडून मोठा प्रांत करायचा आणि राजधानी दुसरीकडे न्यायची, हे तोवर चहाच्या टपरीवरही बोललं जात होतं. आमच्यात नोकरीवाल्यांचीच घरं जास्त. प्रत्येक घरात बदलीचा तोच एक शब्द, तबादला.

शेवटच्या दिवशी मी शेवट सांगितला. खोकेवाल्याच्या स्वतःच्या घरातले देव, चांदीचे टाक, तेही जादा ठरतात. तो ते स्वतःच्या हातानं भरतो, झाकण ठोकतो. मालगाडी निघून जाते. तो शहरात परत येतो. घंटा वाजत असतात. देव गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. संपलं.

पंतांनी बोरू खाली ठेवला. "आज हात भरून आलाय. एवढ्या चार ओळी माझ्या ध्यानात आहेत. घरी लिहीन."

मी म्हटलं, लिहा. मला त्या दिवशी इंदूरची खोकी वेळेत रवाना करायची होती.

अंक मी पाहिला तो मंडपात, प्रतिष्ठापनेच्या दिवशी, माणसांच्या खांद्यांवरून. बावीस पानं झाल्यावर तेविसावं पान होतं. सौद्यात नसलेलं. त्यावर मालगाडीतली खोकी आपोआप उघडली होती, धूर फाटला होता, देव आपापल्या देवळांत परतले होते. आणि त्याखाली तांबड्या शाईत फलश्रुती. ही कथा सात दिवस शुचिर्भूत होऊन वाचावी. वाचन चालू असता बदलीच्या कागदास हात लावू नये. वाचणाऱ्याचे बिऱ्हाड हलणार नाही. शुभं भवतु. वर माझं नाव.

मी पंतांना मखराच्या मागे गाठलं.

"हे कुणी लिहिलं?"

"हळू बोला. आरती चालू आहे."

"हे माझं नाही. मी सांगितलं तसं का नाही लिहिलं?"

"माझ्या हातून होईना," पंत म्हणाले. "आमच्या घराण्यात आजवर कुणी अमंगळावर पोथी संपवली नाही. देव गेले आणि कुणाला कळलं नाही, एवढं लिहून मी बोरू पुसून ठेवू? त्या रात्री मला जेवण गेलं नाही."

"ही पोथी नाही पंत, गोष्ट आहे."

"देव आले की पोथीच."

"मग ते नियम? बदलीच्या कागदाला हात लावू नये म्हणजे काय?"

"नियमाशिवाय फळ कसं येईल? लोकांच्या जिवाला जे लागलंय ते घातलं."

मी पान फाडायला हात घातला तेव्हा तीन-चार जणांनी मला धरलं. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पंत डोळे मिटून उभे राहिले, अगदी शांत, आणि सगळ्यांना ते बरोबर वाटले.

संध्याकाळी ताई आली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझी बायको गेल्यापासून माझं दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडे, दोन गल्ल्या पलीकडे. तिनं मंडपात उभ्यानं सगळी गोष्ट वाचली. डोळे पुसून म्हणाली, "शेवट फार छान केलास रे. मला वाटलं होतं, तू काहीतरी कडूच लिहिशील."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तिनं माझं कौतुक केलेलं मी फार वेळा ऐकलं नव्हतं. माझा गुन्हा तेवढाच, आणि तो मी कबूल करतो.

अंक घरोघर फिरू लागला. एका घरी कुणीतरी सात दिवस वाचला आणि त्या घरच्या माणसाचा तबादला रद्द झाला. त्याचा साहेबच बदलला होता, कारण तेवढंच. पण ते कोण ऐकतो? पुढच्या घरी अंक पाटावर ठेवला गेला. त्याच्या पुढच्या घरी त्याला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी तांबडं कापड शिवलं. उन्हाळ्यापर्यंत नंबर लागले होते, आणि नंबराची यादी पंतांकडे. बाजारात बायका मला वाट द्यायच्या. एका बाईंनी खोक्याचा भाव न करता माल नेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी फार बिघडलंय.

माझे मेहुणे, दाजी, शेतकी खात्यात कारकून. त्यांचं खातं हलणार हे नक्की झालं. ताईला ग्वाल्हेर सोडायचं नव्हतं, आणि मला तिला सोडायचं नव्हतं. मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. एक मोठे साहेब होते, ज्यांचं दफ्तर ग्वाल्हेरातच राहणार होतं. त्यांच्याकडे विलायती काचेचं सामान होतं, मुलीच्या सासरी दिल्लीला पाठवायचं होतं आणि कुणावर विश्वास नव्हता. मी ते भरून दिलं. एक पेला तडकला नाही. बदल्यात मी मागितलं ते एवढंच, की दाजींना आपल्या दफ्तरात घ्या. साहेब तयार झाले. दाजींनी संमतीपत्रावर सही करून तारखेच्या आत द्यायचं, बस्स. कागद मी स्वतः दाजींच्या हातात दिला आणि माल घेऊन इंदूरला गेलो.

सहा दिवसांनी परत आलो तो स्टेशनवरून सरळ ताईकडे. पाटावर तांबड्या कापडातला अंक. समई. ताई ओल्या केसांनी वाचत होती. दाजी ओसरीवर.

"दाजी, कागद दिलात ना?"

दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "परवा पारायण पुरं होतंय. झालं की त्याच दिवशी देतो."

"तारीख काल होती."

"दोन दिवसांनी काय होतंय? साहेब तुझ्या ओळखीचे."

"सही का केली नाहीत?"

"ही म्हणाली, हात लावू नका." त्यांनी आत पाहिलं. "पोथी तुझीच ना रे? तूच लिहिलंयस तसं."

मी आत गेलो. ताईनं पानावर बोट ठेवून वर पाहिलं.

"अगं, तो कागद जायचा नव्हता, राहायचा होता."

"कागद तबादल्याचाच ना?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर मी सही करायला लावली असती. तू लिहिलंस म्हणून तर विश्वास ठेवला."

मी तसाच साहेबांकडे गेलो. ते व्हरांड्यात उभे होते. "अरे भई, तारीख तो निकल गयी," ते म्हणाले. "मैंने दूसरे को रख लिया. तुम तो वक्त के पक्के आदमी हो, तुमसे ये उम्मीद नहीं थी." आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सौद्यात पुढे करायला काही नव्हतं. मी मान हलवली आणि पायरी उतरलो.

दाजींना रीवा मिळालं. नव्या राजधानीचं भोपाळही नाही. पाऊस संपल्यावर मी ताईचं घर भरलं. चौदा खोकी झाली. ती प्रत्येक वस्तू माझ्या हातात देताना सांगत होती, ही हळू ठेव, ही तुझ्या लग्नातली. मी ठोकत होतो. स्टेशनवर तिनं मला डबा दिला, दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवसापासून मी पडावावरच्या हॉटेलात जेवायला लागलो. अजून तिथंच जेवतो. वरण पातळ असतं.

त्यानंतर तिची पत्रं येऊ लागली. प्रत्येक पत्रात एकच. पाचव्या दिवशी सकाळी डोकं धरलं होतं म्हणून तिनं वाचनाआधी चहा घेतला. तिथंच चुकलं. तिच्या हातून नियम मोडला आणि दाजींना म्हातारपणी परक्या मुलखात भाड्याच्या खोलीत राहावं लागतंय. दाजींची तिथं तब्येत धरत नाही. ती त्यासाठी सोमवार करते, आणि कशाकशाचे उपास करते.

मी तिला सगळं लिहिलं. माझ्याच अक्षरात, वाळवीच्या. ते पान माझं नाही, पंतांचं आहे, माझ्या गोष्टीत देव परत येतच नाहीत, बदलीच्या कागदाचं मी बोललोच नव्हतो. तिचं उत्तर आलं. "फळ मिळालं नाही म्हणून आता नाव काढून घेतोस? लहानपणापासून तुझी हीच खोड. अंगाशी आलं की दुसऱ्यावर ढकलायचं. त्या म्हाताऱ्या माणसाला बोल लावू नकोस आणि पोथीला नावं ठेवू नकोस."

मी रीव्याला जाऊन आलो. तोंडानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वाढलं, आणि म्हणाली, "जेव." तिच्या डोळ्यांत मी पाहिलं. तिला मी खोटारडा वाटतो आणि ती स्वतःला पापी वाटते. दोन्ही एका पानामुळे.

पंतांचं बिऱ्हाडही हललं. मुलाबरोबर ते भोपाळला गेले, सरकारी क्वार्टरात. जाताना अंक घेऊन गेले. तिथं गेलेल्या आमच्या लोकांत तो फिरतोय असं कळतं. आता तो ग्वाल्हेरला परत येण्यासाठी वाचतात. गेल्या वर्षी तिथल्या मंडळानं मला सत्काराचा नारळ घ्यायला बोलावलं होतं. मी गेलो नाही. पंतांना मात्र तीन पत्रं टाकली. तिसऱ्याचं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, तेच मोत्यासारखं अक्षर. "आपण रागात आहात. राग शमल्यावर सविस्तर लिहावे. ग्रंथाचा अव्हेर करू नये."

माझा राग शमलाय, पंत. राग असता तर मी भोपाळला येऊन दारात उभा राहिलो असतो. मी आता दमलोय. मला अंक परत नको. बावीस पानं तुम्ही तुमच्या नावावर घ्या, माझी तक्रार नाही. माझी गोष्ट लोकांनी कशी वाचली त्याचंही मला आता काही नाही.

मला एक पोस्टकार्ड पाहिजे, आणि तेही मला नाही, माझ्या बहिणीला. रीव्याचा पत्ता मी तिन्ही पत्रांत दिलाय. तुमच्या हाताचं लिहिलेलं ती खरं मानते, माझं मानत नाही, हे तुम्हीच करून ठेवलंय. तेव्हा तुम्हीच लिहा. लिहा की शेवटचं पान तुमचं होतं, नियम तुम्ही बसल्या जागी मनानं घातले, त्या नियमांना कुठला देव बांधलेला नव्हता. लिहा की तिच्या चहानं काही झालं नाही. ती पन्नाशी उलटून थकली आहे आणि अजून उपास करते. तिला हे कोण सांगणार? मी सांगून झालंय. उत्तर तुम्ही द्या, पंत, आणि ती वाचू शकेल तोवर द्या.